सरकणारं पोलाद

पाटे सरकतात! गेले काही दिवस भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. ट्रक, जीप, टेम्पो यांच्या खाली पोलादाचे जे पट्टे एकावर एक रचून बांधलेले असतात, ते नुसते वाकत नाहीत. वाकता वाकता प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावरून किंचित पुढे-मागे सरकतो. काही मिलिमीटरच, पण आत बसलेल्या माणसाची पाठ, मान आणि दिवसभराचा मूड या तेवढ्या सरकण्यावर अवलंबून असतो. ते बंद पडलं की पाट्यांची कमान राहत नाही, पोलादाचा ओंडका होतो. जन्मापासून मी एसटीत, जीपमध्ये, मालाच्या टेम्पोत बसत आले, आणि हे मला आजवर कुणी म्हणता कुणी सांगितलं नव्हतं!

हे कळलं ते मामांच्या एफसीमुळे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांनी जीप डोळ्यांसमोर आणावी आणि तिचं बॉनेट काढून टाकून ड्रायव्हरची केबिन थेट पुढच्या चाकांवर नेऊन ठेवावी. इंजिन दोन सीटच्या मधोमध, झाकणाखाली. असं केलं की छोट्याशा लांबीत मागे माल ठेवायला भरपूर जागा मिळते. अमेरिकेत विलीज कंपनीने 1956 च्या अखेरीस ही पिकअप आणली. तिचं रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरने ठरवलं होतं. आपल्याकडे महिंद्राने 1965 मध्ये एफसी 150 हा पेट्रोल ट्रक बाजारात आणला. मामांनी एचएमटीतून निवृत्त झाल्यावर चिक्कमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून तशी एक एफसी उचलली, बेंगळुरूला आणली आणि हनुमंतनगरच्या त्यांच्या घरासमोर उभी केली. मी गच्चीवरच्या बागा करून देते. सिद्धापूरच्या नर्सऱ्यांमधून रोपं, कुंड्या, मातीची पोती उचलायची आणि शहरभर पोचवायची, या कामाला एफसीसारखी दुसरी गाडी नाही. मागची फळी खाली पाडली की माझी अर्धी बाग एका खेपेत जाते.

पण तिचं पुढचं अंग! बाकीच्या बहुतेक गाड्यांत आपण दोन ॲक्सलच्या मधे कुठेतरी बसतो, त्यामुळे पुढच्या चाकाचा थोडा आणि मागच्या चाकाचा थोडा असा धक्का वाटून मिळतो. एफसीत ड्रायव्हर पुढच्या ॲक्सलच्या डोक्यावरच बसलेला असतो. पुढचं चाक ज्या खड्ड्यात जाईल तो खड्डा पूर्णच्या पूर्ण आपल्या वाट्याला. आणि बेंगळुरूत हंप, म्हणजे गतिरोधक, किती! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे हंप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. त्याची गोलाई 17 मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी. आमच्या गल्लीबोळांत मात्र हातभर रुंदीचे उंचवटे. प्रत्येकावर एफसी पुढून अशी आदळायची की दात एकमेकांवर आपटायचे आणि मागे एखादी कुंडी तडकायची. मामांची कंबर दुखायला लागली. त्यांनी गाडी चालवणं कमी केलं, आणि मला ते बघवेना.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. शॉकॉप (शॉक ॲब्सॉर्बर) बदला, असं दहातले नऊजण म्हणाले. एकाने पुढचा सगळा ॲक्सलच काढून एखाद्या नव्या एसयूव्हीचं कॉइल स्प्रिंगचं अंग बसवायला सांगितलं. एका गॅरेजने तर पुढचं अंग "बसलंय" असं ठरवून पूर्वीच कधीतरी कमानीत एक जाड पाटा वाढवून ठेवला होता, म्हणजे दुखण्यावर आणखी एक दुखणं. मामांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "आधी बघू तरी नक्की काय हलत नाहीये ते."

त्यांनी जे केलं ते मी आता कुणालाही करून दाखवू शकते. गाडी सपाट जागी उभी केली. चाकाच्या वर चॅसीवर खडूने एक खूण आणि बरोबर तिच्याखाली ॲक्सलवर दुसरी खूण. मग आम्ही दोघांनी बंपर धरून पुढचं अंग जोराने खाली दाबलं, हळूहळू सोडलं आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. त्यानंतर जॅकने तेच अंग जरा वर उचललं, हळूहळू सोडलं, पुन्हा मोजलं. गाडी तीच, वजन तेच, चाकं तीच. दोन्ही वेळा अंतर सारखं यायला हवं की नाही? पण चांगला दोन बोटांचा फरक! दाबल्यावर गाडी खालीच राहिली, उचलल्यावर वरच राहिली. मधल्या त्या दोन बोटांच्या पट्ट्यात कमान काही कामच करत नव्हती. तिला जिथे ठेवाल तिथे ती अडकून बसत होती.

मी मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते इतके खूश झाले होते, जणू एचएमटीतल्या एखाद्या लेथची खोड सापडली होती. "अगं, हा स्प्रिंगचा कडकपणा नाही! हे घर्षण आहे. उद्या जे.सी. रोडला जाऊ."

जे.सी. रोड म्हणजे जयचामराजेंद्र रोड, बेंगळुरूतला गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार. मुख्य रस्त्यावर चकचकीत दुकानं, आणि मागे कलासीपाळ्याच्या बाजूला शिरलं की लॉऱ्यांची खरी दुनिया. तिथल्या एका गल्लीत पाट्यांचं काम करणारे एक चाचा आहेत. एक ऐरण, एक भलामोठा वाइस, भिंतीला टेकवून ठेवलेले शेकडो पाटे आणि हवेत ग्रीसचा व जळक्या लोखंडाचा वास. चाचांनी गाडीला हातही लावला नाही. आम्ही आत वळताना रस्त्याकडेच्या उंचवट्यावरून गाडी कशी आली तेवढं त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाले, "मेडम, ये गाडी कमान पे नई चल रई. टायर पे चल रई."

या एका वाक्यात सगळं आलं! कमान जाम असेल तर गाडीला उरतं ते फक्त टायरमधल्या हवेचं लवचीकपण. टायर कमानीपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे गाडी भराभर, लहान लहान उसळ्या घेते. याचं गणित मामांनी घरी आल्यावर मला कागदावर मांडून दाखवलं. गाडीच्या वजनाखाली कमान किती दबते त्यावरून ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते ठरतं. पंचवीस सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एक हेलकावा. दहा सेंटिमीटर दबली तर दीडच्या थोडं वर, आणि पाचच सेंटिमीटर दबली तर दोनच्याही वर. सेकंदाला एक ते दोन हेलकावे माणसाला सहज सोसतात, चालतानाही आपलं शरीर साधारण तेवढ्याच लयीत वरखाली होत असतं. त्याच्या वर जाऊ लागलं की त्रास सुरू. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची कंपनं सर्वांत जास्त जाणवतात ती सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. आयएसओ 2631 या आंतरराष्ट्रीय मानकात हे नोंदवलेलं आहे. जाम झालेली कमान गाडीला नेमकी याच पट्ट्याकडे ढकलते. मामांची कंबर उगाच तक्रार करत नव्हती!

चाचांनी कमान उतरवली तो तास मी विसरणार नाही. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली, कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडले. कमानीच्या टोकाच्या शॅकलच्या पिना पान्ह्याला दाद देईनात, तेव्हा डिझेलमध्ये भिजवून घणाने ठोकून काढल्या. कमान बाहेर आली, वाइसमध्ये घट्ट दाबली आणि मग मधला सेंटर बोल्ट काढला. दाबल्याशिवाय तो बोल्ट काढायचा नाही, पाटे उसळून तोंडावर येऊ शकतात. वाइस सैल होत गेला तसे पाटे सुटे व्हायला हवे होते. झाले नाहीत. सेंटर बोल्ट हातात, क्लिपा उघडलेल्या, तरी सातही पाटे एकमेकांना घट्ट चिकटून! चाचांनी कडेला छिन्नी लावून हलकेच ठोका मारला तेव्हा कुठे पहिली फट पडली आणि तांबडी पूड भसकन खाली सांडली. ओंजळ भरेल एवढा गंज होता तो.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एक पाटा उलटा करून दाखवला. खालच्या, आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्याला टेकतं, बरोबर तिथे नखभर खोल खाच पडली होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं तर नख अडकलं. वर्षानुवर्षं ते धारदार टोक त्याच जागी घासत, रुतत गेलं होतं आणि शेवटी स्वतःच केलेल्या खाचेत अडकून बसलं होतं. सर्वांत आखूड पाटा सोडला तर प्रत्येकावर अशा दोन खाचा. दोन कमानी, त्यांतल्या त्या खाचा आणि मधला गंज. एवढ्यांनी मिळून आमचं पुढचं अंग कुलूप लावून बंद केलं होतं!

एखादं जाडसं पंचांग हातात घेऊन वाकवून पाहा. पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या मागेपुढे होतात, म्हणून ते वाकतं. त्याच कडांना डिंक लावून वाळू दिलं तर ते पुठ्ठ्याच्या फळीसारखं ताठ होईल. कागद तोच, जाडी तीच. कमान सुटे पाटे रचून करतात ते याचसाठी. ताकद सगळ्यांची मिळून मिळावी आणि लवचीकपण एकेका पातळ पाट्याचं राहावं. किती सुंदर युक्ती आहे ही! इंग्लंडमध्ये ओबडाया इलियटने 1804 मध्ये घोडागाडीच्या लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं. आपल्या टांग्यांच्या कमानी, लॉऱ्यांच्या कमानी, आगगाडीच्या जुन्या डब्यांच्या कमानी सगळ्या त्याच घराण्यातल्या. दोनशेहून अधिक वर्षं ही वस्तू आपल्या खाली आहे आणि आपण तिच्याकडे वळूनही बघत नाही.

आता तो वाढवलेला पाटा. मामांनी व्हर्नियर आणला होताच. मूळचे सहा पाटे सहा मिलिमीटर जाडीचे, सातवा आठ मिलिमीटरचा. मला वाटलं, दोन मिलिमीटरने असं काय बिघडतंय? मामा एकदम उसळले, "अगं, जाडीचा घन येतो त्यात. घन!" पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहाचा घन 216, असे सहा पाटे म्हणजे 1296. आठचा घन 512. म्हणजे ढोबळ हिशेबाने त्या एकट्या पाट्याने कमान चाळीस टक्क्यांच्या आसपास कडक करून ठेवली होती! लांबीचाही घन येतो, पण उलट बाजूने. कमान दहा टक्के लांब असती तर पाव हिश्शाने मऊ झाली असती. त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि जाडी, रुंदी, लांबी, पाट्यांची संख्या बदलून बदलून आकडे काढत राहिले. शाळेत घन काढताना तो कधी माझ्या पाठीशी येऊन भिडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी गणिताच्या तासाला पुढच्या बाकावर बसले असते.

सातवा पाटा गेला. उरलेल्या सहांचं काय करायचं यावर चाचा आणि मामा यांच्यात भरपूर चर्चा झाली, अर्धी दखनीत, अर्धी कन्नडमध्ये. मूळ कमान खरोखरच थोडी बसलेली होती, त्या गॅरेजचं तेवढं निरीक्षण बरोबर होतं. पण त्यावर उपाय म्हणजे पाट्यांना पुन्हा मूळची गोलाई देणं. चाचांनी ते थंडच केलं. पाटा ऐरणीवर आडवा धरायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, बोटभर अंतरावर एकेक ठोका देत जायचं. भट्टीत तापवलं तर काम झटकन होतं, पण पोलादाचा कस जातो. ते पुन्हा नीट पाणी देऊन बसवायला फार अचूक हात आणि अचूक भट्टी लागते. त्यांच्या मदतनिसाने जरा जोरात घण उचलला की चाचा म्हणायचे, "नक्को नक्को, हल्लू." जमिनीवर खडूने मूळ गोलाईची रेघ ओढलेली होती. दर थोड्या ठोक्यांनी पाटा त्या रेघेवर ठेवून पाहायचा. मी तासन्‌तास बघत बसले, आणि तो पाटा रेघेत बरोबर बसला तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर टोकं. प्रत्येक पाट्याच्या टोकाची खालची-वरची धार ग्राइंडरने मारली, कडा गोल केल्या, म्हणजे पुन्हा ते टोक वरच्या पाट्यात रुतणार नाही. खाचांच्या कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने सपाट केल्या. एका पाट्याची खाच फार खोल होती. तो चाचांनी सरळ बाजूला फेकला आणि तेवढ्याच मापाचा नवा काढून दिला, कारण खाच पडलेला पाटा तिथूनच तुटतो. सगळे पाटे वायर ब्रशने चकचकीत केले. मधे काय घालायचं, हा पुढचा प्रश्न. जुनी पद्धत म्हणजे ग्रॅफाइटचं ग्रीस. शंभर वर्षांपूर्वीच्या विलायती मोटारींच्या कमानींना तर ग्रीस भरून वरून चामड्याचे मोजे शिवून घालत, धूळ आत जाऊ नये म्हणून! आमच्याकडे लाल माती, सिमेंट, पावसाळ्यातला चिखल. उघडं ग्रीस हे सगळं गोळा करतं. म्हणून चाचांनी पाट्यांच्या टोकांखाली कडक, गुळगुळीत प्लास्टिकच्या चकत्या बसवल्या. पोलाद पोलादावर घासायचंच नाही. ग्रॅफाइट फक्त मधल्या भागात, पातळ हात.

शॅकलकडे मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं. कमान दबली की लांब होते, मग तिच्या एका टोकाला पुढे-मागे जायला जागा हवी. ती जागा देतो तो हा झुलता दुवा. आमचे शॅकल बुशांत असे गच्च बसले होते की हाताने तसूभर हलेनात. नवे रबर बुश घातले. आणि इथे चाचांनी जे सांगितलं ते प्रत्येक गाडीवाल्याने लिहून ठेवावं. बुशांचे नट गाडी घोड्यांवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी खाली उतरवायची, तिचं सगळं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मगच आवळायचे. लोंबत्या चाकांवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते कमानीला आणखी कडक करतं आणि लवकर फाटतंही. केवळ कुठल्या क्षणी आवळलं यावर एवढा फरक!

विलीजच्या जुन्या सीजे जीपमध्ये शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असतो. त्यामुळे चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की वर जाताना ॲक्सलला थोडं पुढे, धक्क्याच्या अंगावर जावं लागतं. काही हौशी लोक शॅकल मागे नेतात. मी उत्साहाच्या भरात आपल्या एफसीतही तसं करू या म्हणाले. मामांनी स्टिअरिंगच्या दांड्याकडे बोट दाखवलं. त्याची भूमिती मूळ जागेसाठी ठरवलेली आहे, ॲक्सलचा कमानीवरचा झोका उलटा केला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जाईल आणि ब्रेक मारल्यावर नाक जास्त बुडेल. नको. मला हे पटलं. जुन्या गाडीतलं जे कर्त्यांनी विचारपूर्वक केलंय ते तसंच राहू द्यावं, आणि जे फक्त बंद पडलंय ते आधी सुरू करावं, असं आता माझं ठाम मत आहे.

आणि शॉकॉप! सगळे ज्याच्या मागे लागले होते तो शॉकॉप शेवटी खरंच बदलावा लागला, पण कारण वेगळंच होतं आणि ते कळल्यावर मी आनंदाने उडालेच. कमानीतलं घर्षण हेही एक प्रकारचं ब्रेकिंगच आहे. ते हेलकावे थांबवतं. पण घर्षणाचा जोर हालचाल लहान असो की मोठी, सारखाच राहतो. म्हणून बारीक खडीवर तो कमानीला हलूच देत नाही आणि मोठ्या खड्ड्यात उसळी थांबवायला अपुरा पडतो. दोन्हीकडे चुकीचा! तेलाच्या शॉकॉपचा जोर वेगाप्रमाणे वाढतो. चाक हळू हललं तर तो वाट देतो, जोरात उसळलं तर अडवतो. आम्ही कमानीतलं घर्षण काढून टाकलं, म्हणजे तिचं आवरण्याचं कामही काढलं. ते आता पुरतं शॉकॉपवर आलं, आणि जुने गळके शॉकॉप ते करणार नव्हते. नुसते शॉकॉप आधी बदलले असते तर काय झालं असतं? जाम कमान हललीच नसती, मग नव्या शॉकॉपला आवरायला उरलं काय असतं!

टायरमधली हवाही कमी केली. पुढच्या चाकांत पूर्ण मालाच्या हिशेबाची हवा भरून फिरायची आमची सवय होती, आणि एफसीत माल तर मागे असतो. ॲक्सलचा धक्का झेलणाऱ्या बंप रबरवर चाचांनी ओला चुना फासून दिला होता. गाडी फिरवून आल्यावर चुना पुसला गेला असेल तर ॲक्सल तिथे आपटतोय असं समजायचं.

तर, फिरवून आलो! मामा चालवत होते, मी शेजारी. टाउन हॉलजवळून म्हैसूर रोडकडे जो फ्लायओव्हर जातो त्याचे सांधे बेंगळुरूतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हाडांना पाठ आहेत. तिथेच जाऊ या असं मामा म्हणाले. पहिला सांधा आला. मी सवयीने समोरचा दांडा घट्ट धरला. चाक सांध्यावरून गेल्याचा आवाज आला, आणि धक्का आलाच नाही. म्हणजे आला, पण खालीच कुठेतरी जिरला. केबिन फक्त किंचित वर गेली आणि शांतपणे खाली आली, एकच हेलकावा. दुसरा सांधा, तिसरा. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं मोठमोठ्याने हसायला लागलो. मी खिडकीतून वाकून पुढच्या चाकाकडे बघत होते. ते वर जात होतं, खाली येत होतं, आणि चॅसी जागच्या जागी! तीच गाडी, तोच सलग ॲक्सल, एक पाटा सोडला तर मूळचंच पोलाद. एकही आधुनिक यंत्र आत गेलेलं नव्हतं.

परतताना आम्ही मुद्दाम गांधी बाजारकडून, बुल टेंपल रोडने, हंप शोधत शोधत आलो. घरी येऊन चुना पाहिला तर एका बाजूला जरासा पुसला होता, तो एका उभ्या हंपवर. बाकी जसाच्या तसा. खडूच्या खुणांची परीक्षाही पुन्हा घेतली. दाबून सोडलं, उचलून सोडलं. दोन बोटांचा फरक जाऊन जेमतेम नखाएवढा राहिला होता. मामी बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढं काय झालंय?" तर मामांनी त्यांना बंपर दाबायला लावलं. मामींच्या एका हाताने पुढचं अंग खाली गेलं आणि वर येऊन थांबलं!

दुसऱ्या दिवशी मी सिद्धापूरहून जास्वंदीच्या कुंड्या भरून जयनगरला नेल्या. सगळ्या अखंड पोचल्या. मालकीणबाईंना मी कुंड्या उतरवता उतरवताच कमानीची सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

थोडं चालवून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला चाचांनी बजावलं होतं. नव्याने बांधलेली कमान दबून बसते आणि बोल्ट सैल पडतात. सैल यू-बोल्टमुळेच पाटा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. ते केलं. आता मागचं अंग. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये होता. त्याने दाखवून दिलं की पुढचं अंग मागच्यापेक्षा मऊ हवं. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं थोडं उशिरा. मागच्या अंगाचा हेलकावा जरा जलद असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी नाक-शेपूट न झुलवता सपाट बसते. आमची एफसी इतकी वर्षं याच्या नेमकी उलट चालत होती. आता पुढचं अंग सुटलं आहे, मागच्या कमानी अजून गंजाने बांधलेल्या आहेत, आणि रिकाम्या गाडीत ते स्पष्ट कळतं. मागच्या अंगाचं गणित अवघड आहे, कारण तिथलं वजन रोज बदलतं. कधी चार कुंड्या, कधी मातीची वीस पोती. मामांनी वही उघडली आहे, मी पाट्यांची जाडी मोजून आणली आहे, आणि पुढच्या सोमवारी चाचांनी वाइस आमच्यासाठी मोकळा ठेवलाय.